आठ ठिपक्यांत मुलुंड

उपनगरातला मुंबईकर दिवसभरात बरंच काही वाचतो, पण मन लावून वाचतो ते एकच: फलाटावरचा इंडिकेटर. वर्तमानपत्र तो चाळतो, ऑफिसची ईमेल उद्यावर ढकलतो आणि सोसायटीची नोटीस आपल्या नजरेलाच पडली नाही असं सर्वसाधारण सभेत छातीठोकपणे सांगतो. इंडिकेटरच्या बाबतीत मात्र हयगय नाही. जिन्याच्या मधल्या पायरीवरून, पुढच्याच्या खांद्याआडून, त्याच्या पाठीवरच्या सॅकखालून मान काढून तो ती चार चमकती अक्षरं टिपतो आणि त्यांच्या भरवशावर उरलेल्या पायऱ्या दोन-दोन करून उतरतो. एवढ्या तन्मयतेने त्याने शाळेत भूगोलाचं पुस्तक वाचलं असतं, तर आज तो लोकलने न जाता स्वतःच्या मोटारीने गेला असता आणि लिंक रोडवर अडकला असता.

ही अक्षरं ठिपक्यांची असतात. त्यांना गोलाई नसते, वळण नसतं, जाड-बारीक काही नसतं. दिवा एकतर पेटलेला किंवा विझलेला. अशा अक्षरांवर आयुष्याचे निर्णय घ्यायची आपल्याला सवय झालेली आहे. येणाऱ्या गाडीच्या कपाळावर हीच अक्षरं असतात आणि तिथे तर सगळं गाव एक-दोन ठिपकेदार अक्षरांत बसवलेलं असतं. पश्चिम रेल्वेवर इंग्रजी ए दिसला की अंधेरी, बी-ओ दिसलं की बोरिवली, व्ही दिसला की विरार. आणि व्ही दिसला की बोरिवलीचा माणूस एक पाऊल मागे येतो. मध्य रेल्वेवर हाच ए अंबरनाथचा. दादरचा पूल चुकलेला एखादा अंधेरीकर घरच्या ओढीने या ए मध्ये चढतो, घाटकोपरपर्यंत मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो, मुलुंडला त्याला शंका येते आणि ठाण्याची खाडी दिसल्यावर खात्री पटते.

मध्य रेल्वेवर आणखी एक पेच आहे. कल्याण, कर्जत, कसारा आणि कुर्ला ही चारही गावं एकाच क वर हक्क सांगतात. रेल्वेने के हे अक्षर कल्याणला देऊन टाकलं. कल्याणपुढे रूळ दोन दिशांना फुटतात, म्हणून आग्नेयेकडच्या कर्जतच्या वाट्याला साउथचा एस आला आणि ईशान्येकडच्या कसाऱ्याच्या वाट्याला नॉर्थचा एन. आता धीम्या गाडीसाठीही एसच लिहितात. त्यामुळे कर्जतची धीमी गाडी आली की एसच्या शेजारी एस उभा राहतो. नवखा माणूस त्याचा अर्थ ‘अतिशय सावकाश’ असा लावतो, आणि गाडीत बसून तासाभराने आपला अर्थ बरोबर होता असं त्याला वाटू लागतं.

इतकं सगळं ठिपक्यांत वाचून मुरलेल्या माणसाला जेव्हा कळतं की जगात असली अक्षरं लोक हौसेने, पैसे मोजून विकत घेतात, तेव्हा त्याला धक्का बसणं स्वाभाविक आहे. मला तो माझ्या भाच्याने दिला. हा भाचा अंधेरीला एका गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. तिथे तो नेमकं काय करतो हे आमच्या घरात कुणालाच सांगता येत नाही, म्हणून नातेवाइकांत तो ‘कम्प्युटरमध्ये’ आहे. एका रविवारी लॅपटॉप उघडून तो म्हणाला, “मामा, हा बघ. रेट्रो पिक्सेल फॉन्ट. कसला भारी आहे ना!”

मी पाहिलं. पायऱ्या-पायऱ्यांची जाड इंग्रजी अक्षरं होती. प्रत्येक तिरकी रेघ जिना होऊन उतरत होती.

“हे तर इंडिकेटरचं अक्षर,” मी म्हणालो.

“लायसन्स घ्यावं लागतं याचं. डॉलरमध्ये.”

“आम्ही पासच्या पैशांत वाचतो.”

त्याने माझ्याकडे दुर्लक्ष केलं आणि मला इतिहास सांगितला. इतिहास मात्र खरोखर ऐकण्यासारखा होता. ७०च्या दशकात परदेशात नाणं टाकून खेळायची मोठमोठी यंत्रं आली. त्यांच्या पोटात स्मृती इतकी थोडी, की एका अक्षराला आठ ओळी आणि आठ रकाने, म्हणजे एकूण ६४ चौकोन, याहून जास्त जागा द्यायची ऐपत कुणाचीच नव्हती. त्यातली एक ओळ आणि एक रकाना शेजारच्या अक्षराला टेकू नये म्हणून सोडायचा. उरलेल्या सात बाय सातमध्ये अक्षर बसवायचं. अटारीच्या घरातल्याच की गेम्स या कंपनीच्या ‘क्विझ शो’ नावाच्या खेळात १९७६ साली असं एक वळण आलं. पुढे जपानच्या नामको कंपनीने ते उचललं, १९८०च्या पॅक-मॅननंतर ते जगभर पोचलं, आणि आज ‘जुना व्हिडिओ गेम’ म्हटलं की डोळ्यांसमोर तेच अक्षर येतं. तोशी ओमागारी नावाच्या अक्षरकाराने २०१९ मध्ये या खेळांतल्या अक्षरांवर एक जाडजूड पुस्तकच काढलं आहे. गरिबीतून निघालेली वस्तू पुढच्या पिढीत हौसेची होते, हे आम्हाला नाचणीच्या भाकरीवरून माहीत होतंच.

ही अक्षरं उपनगरातही येऊन गेलेली आहेत. ९०च्या दशकात बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत मे महिन्याच्या सुट्टीत घरोघरी ‘टीव्ही गेम’ नावाचा प्रकार लागत असे. मूळ यंत्र निन्टेंडोचं, १९८३चं, जपानी. आपल्याकडे आली ती त्याची नक्कल. कॅसेटवर ‘९९९९ इन वन’ असं छापलेलं असे आणि आत मारिओ, कॉन्ट्रा आणि असेच थोडे खेळ पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या नावांनी भेटत. ज्यांनी ती यादी शेवटपर्यंत पाहिली ती मुलं पुढे सनदी लेखापाल झाली. त्या यंत्राचा पडदा २५६ बाय २४० ठिपक्यांचा, म्हणजे आठ बाय आठच्या ३२ फरश्या आडव्या आणि ३० उभ्या. सगळं जग त्या फरश्यांत मांडलेलं: ढग, पाइप, कासव आणि गुण. जागा वाचावी म्हणून मारिओतला ढग आणि झुडूप ही एकच आकृती आहे, फक्त रंग वेगळा. मुंबईत एका खोलीला दिवसा दिवाणखाना आणि रात्री शयनगृह म्हणणाऱ्यांना यात नवल वाटण्याचं कारण नव्हतं.

“आता अडचण ऐक,” भाचा म्हणाला. “आम्ही मुंबई लोकलवर गेम करतोय. पिक्सेल आर्ट. सगळं मराठीत हवंय. पण या फॉन्टमध्ये मराठी टाइप केलं की...” त्याने टाइप करून दाखवलं. पडद्यावर सहा रिकामे चौकोन उमटले.

“हे काय?”

“मुलुंड.”

रिकाम्या चौकोनांना मुलुंडमध्ये आज काय भाव आहे हे मी त्याला सांगणार होतो, पण तो गंभीर होता. फुकट मिळणारा ‘प्रेस स्टार्ट टू-पी’ नावाचा फॉन्टही त्याने पाहिला होता. त्यात इंग्रजी होतं, ग्रीक होतं, रशियन लिपी होती. देवनागरी नव्हती.

ती का नसते, हे एकदा चौकटीच्या कागदावर बसून पाहावं. आठ ओळी घ्या. मात्रा, वेलांट्या आणि अनुस्वार यांच्यासाठी वरच्या दोन बाजूला काढा. शिरोरेषेला एक. उकारांसाठी खाली दोन. उरल्या तीन. या तीन ओळींत र निघतो, न निघतो, ट ओढूनताणून निघतो. पण क्ष आणि ज्ञ लोकलमधल्या चौथ्या सीटवर बसलेल्या माणसासारखे दिसतात, अर्धे आत आणि अर्धे मार्गिकेत. इंग्रजीला २६ मोठी अक्षरं आणि दहा आकडे दिले की ती गप्प बसते. आपल्या लिपीला बाराखडी हवी, जोडाक्षरं हवीत, रफार हवा, आणि हे सगळं देऊन झाल्यावर कुणीतरी विचारतो, “पोटफोड्या ष आहे ना?”

त्यात उपनगरांची नावं ठेवणाऱ्यांनी ठिपक्यांचा अजिबात विचार केलेला नाही. मुलुंडला दोन उकार आणि एक अनुस्वार, म्हणजे वरूनही कर आणि खालूनही. अंधेरी सगळी वरच्या मजल्यावर: अनुस्वार, मात्रा, वेलांटी. जोगेश्वरीत श्व, कांजूरमार्गात रफार, विद्याविहारात द्या. आणि महाराष्ट्र हा शब्द लिहायला घेतला की ष, ट आणि र हे तिघे एकमेकांच्या डोक्यावर उभे राहतात आणि खालच्याचे पाय चौकटीबाहेर जातात.

याहून नाजूक प्रकरण एका ठिपक्याचं आहे. घ आणि ध यांच्यात फरक केवढा? शिरोरेषेत एक फट. तो एक दिवा चुकून पेटला की अंधेरीची अंघेरी होते. तो चुकून विझला की घाटकोपरचं धाटकोपर होतं. भ आणि म यांचंही तेच: एक दिवा इकडेतिकडे झाला की भांडुपचं मांडुप आणि भाईंदरचं माईंदर. ब आणि व यांच्यात फरक फक्त पोटातल्या तिरप्या रेघेचा. हिंदी पाटीवरच्या ‘बांद्रा’च्या पोटातले दोन-तीन दिवे गेले की आपोआप ‘वांद्रा’ होतं. शुद्धलेखनासाठी इतकी वर्षं मोर्चे निघाले, पण इतकं निमूट काम एकाही मोर्च्याने केलेलं नाही.

यावर डोकं चालवणारी माणसं आपल्याकडे झाली नाहीत असं नाही. पुण्याला १९८८ साली सी-डॅक निघालं आणि कानपूरच्या आयआयटीतून आलेल्या मोहन तांबे यांच्या जिस्ट कार्डाने डॉसच्या काळ्या पडद्यावर भारतीय लिप्या उमटवून दाखवल्या. ते कार्ड संगणकात खोचलं की इंग्रजीपुरत्याच कापलेल्या चौकटींत देवनागरी नांदू लागे. उपनगरातलं नाव सांगायचं तर र. कृ. जोशी. कवी, सुलेखनकार, पवईच्या आयआयटीत औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवणारे, आणि पुढे जुहूच्या एनसीएसटी या संस्थेत बसून पडद्यासाठी भारतीय अक्षरं घडवणारे. मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० बरोबर दिलेला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट त्यांचाच. त्या काळच्या खरबरीत पडद्यावर ठिपके मोजून-मापून बसवलेला. आज मंगल दिसला की आपण ‘सरकारी परिपत्रक आलं’ म्हणून नाक मुरडतो. पण पगारवाढीचं परिपत्रक त्याच फॉन्टमध्ये आलं की तेच अक्षर किती सात्त्विक वाटतं, हे कुठल्याही शासकीय कर्मचाऱ्याला विचारा.

रस्त्यावरचा देवनागरी ठिपका मात्र जुहू-पवईच्या परवानगीसाठी थांबला नाही. तो दुकानाच्या पाट्यांवर चढला. बाजारात पी-१० नावाचं पॅनेल मिळतं: ३२ सेंटिमीटर लांब, १६ सेंटिमीटर उंच, दर सेंटिमीटरला एक दिवा. म्हणजे ३२ गुणिले १६, एकूण ५१२ दिवे. अशी पाच-सहा पॅनेलं शेजारी-शेजारी जोडली की पाटी झाली. केशकर्तनालय, झेरॉक्स, पोळी-भाजी केंद्र, दातांचा दवाखाना, नवसाला पावणारा गणपती: उपनगरात संध्याकाळी साडेसातला ज्याच्याकडे सांगण्यासारखं काहीही आहे, तो ते उजवीकडून डावीकडे सरकवत असतो.

मध्यंतरी मराठी पाट्यांची सक्ती झाली. २०२२ मध्ये राज्याने कायदा कडक केला आणि देवनागरी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालणार नाहीत असं ठरलं. दुकानदार सर्वोच्च न्यायालयात गेले, तर न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२३ पर्यंत पाट्या लावून मोकळे व्हा असं सांगितलं. कायद्यात अक्षराच्या उंचीचा विचार आहे, वेगाचा नाही. हे हेरून आमच्या बाजारातल्या एका चतुर दुकानदाराने सरकती पाटी लावली. इंग्रजी नाव अर्धा मिनिट स्थिर उभं राहतं, आणि मग मराठी नाव असं धावत जातं की जणू त्याची विरार सुटते आहे.

सोळा ओळी म्हणजे आठाच्या दुप्पट, त्यामुळे पाटीवर मात्रा-उकारांना बसायला तरी मिळतं. पण दिवा म्हटला की तो जाणार. आणि दिवे सुटे-सुटे न जाता एखादी आख्खी ओळच घेऊन जातात. वरची ओळ गेली की सुका मेवा विकणाऱ्याचा ‘मेवा’ ‘मवा’ होतो आणि पेढ्यांचे ‘पढ’. खालच्या ओळी गेल्या तर त्याहून गंभीर प्रसंग ओढवतो. आमच्या स्टेशनबाहेर एक किल्लीवाला आहे. त्याच्या पाटीवर ‘येथे कुलूप दुरुस्त करून मिळेल’ असं सरकत असे. एका पावसाळ्यात पाटीच्या तळात पाणी शिरलं आणि सगळे उकार वाहून गेले. उरलं ते असं: ‘येथे कलप दरुस्त करून मिळेल’. कुलपाचे दोन्ही उकार गेलेच, दुरुस्तीचा पहिला उकारही गेला. रु तेवढा दोन्ही ठिकाणी वाचला, कारण र आपला उकार पायाशी न ठेवता कुशीत घेऊन असतो. दोन दिवसांत एक गृहस्थ येऊन टोपी काढून उभे राहिले. आधीच्या कलपाचा रंग तांबडा उतरला होता आणि तो दुरुस्त करून हवा होता. किल्लीवाल्याने त्यांचं डोकं नीट पाहिलं आणि हे काम आपल्याकडे होत नाही असं सांगितलं. गिऱ्हाईक नाराज होऊन म्हणालं, “मग पाटी कशाला लावता?”

आमच्या इमारतीतल्या गुजराती शेजाऱ्यांना यातला एकच भाग कळला नाही: आम्ही ती वरची रेघ ठेवतोच का. घाटकोपरहून मुलुंडला आलेले हे काका पन्नास वर्षं हिशेब लिहीत आले आहेत. ते म्हणाले, “आमच्या गुजरातीत वरची लाइन नाय. आख्खी एक ओळ वाचली ने?” भाच्याचे डोळे चमकले. आठांतली एक ओळ फुकट मिळत होती. पण शिरोरेषा काढून ‘मुलुंड’ लिहून पाहिलं तेव्हा इमारतीतल्या तिघांनी ते तीन निरनिराळ्या प्रकारे वाचलं आणि त्यातला एक प्रकार मोठ्याने म्हणण्यासारखा नव्हता.

शेवटी प्रश्न तिसऱ्या मजल्यावर गेला. तिसऱ्या मजल्यावर काकू राहतात. मण्यांची तोरणं करून देणं हा त्यांचा उद्योग. तरुणपणी त्या मॅटीच्या कापडावर फुल्या-फुल्यांच्या टाक्याने ‘सुस्वागतम’ भरत असत. पुढे मण्यांकडे वळल्या. मुलुंड ते ठाणे पट्ट्यात निदान शंभरेक दारांवर त्यांच्या हातचं ‘शुभ लाभ’ लटकत असेल. भाच्याने त्यांना लॅपटॉप दाखवला, पिक्सेल म्हणजे काय ते समजावलं, ग्रिड समजावली, रिझोल्यूशन समजावलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे मणीच ना रे?”

“हो काकू. तसं म्हणजे... हो.”

“किती मण्यांत बसवायचंय?”

“आठ उभे.”

“आठात ‘सुस्वागतम’ नाही व्हायचं. अकरा घे.” एवढं बोलून त्यांनी पलंगाखालून एक वही काढली. चौकटीच्या कागदावर चाळीस वर्षांचं देवनागरी उतरवलेलं होतं. शिरोरेषा कुठे तोडायची, मु चा उकार डावीकडे किती सरकवला की तो पुढच्या लु च्या उकाराला अडणार नाही, भ ची फट रुंद करायला शेजारचा मणी कुठून उचलायचा, हे सगळे तोडगे त्यात होते. ‘महाराष्ट्र मंडळ’ अशी एक ऑर्डर त्यांनी पूर्वी पुरी केली होती आणि त्यातला ष्ट्र इतका देखणा होता, की भाच्याने त्याचा फोटो काढून लगेच ऑफिसच्या ग्रुपवर टाकला.

हे पाहून मला एक जुनी गोष्ट आठवली आणि मी ती काकूंना सांगितली. १९८४ मध्ये अमेरिकेत ॲपलचा मॅकिंटॉश निघाला. त्याच्या पडद्यावरची अक्षरं आणि चित्रं काढली होती सुझन केअर या बाईंनी. त्याही चौकटीच्या वहीत एक-एक चौकोन रंगवून काम करत. ठिपक्यांचं हे काम आपल्याला अवघड गेलं नाही, कारण भरतकाम आणि मोझेक आधीच हाताखालून गेलं होतं, असं त्यांनी सांगून ठेवलं आहे.

“मग बरोबरच आहे,” काकू म्हणाल्या. “कम्प्युटरवाल्यांनी काय नवीन केलं त्यात?”

त्याच बाईंची पुढची हकिकत उपनगरी माणसाने काळजावर कोरून ठेवावी अशी आहे. आपल्या अक्षरवळणांना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने नावं दिली होती ती फिलाडेल्फियाच्या पेओली लोकलवरच्या स्टेशनांची: ओव्हरब्रुक, मेरियन, आर्डमोर, रोझमाँट. लोकलवरची स्टेशनं! म्हणजे आपल्याकडे नाहूर, भांडुप, कांजूर, विक्रोळी म्हणावं तशी. स्टीव्ह जॉब्झ यांनी ती पाहिली आणि म्हणाले, ही कुणी न ऐकलेली गावं काय कामाची, नावं जागतिक दर्जाच्या शहरांचीच हवीत. मग त्यांचं शिकागो झालं, न्यूयॉर्क झालं, जिनिव्हा झालं. उपनगरात राहणाऱ्याच्या वाट्याला जगात सगळीकडे हेच येतं. काम मेरियनने करायचं आणि नाव जिनिव्हाचं व्हायचं.

भाच्याने बाणेदारपणे जाहीर केलं की आपल्या फॉन्टचं नाव ‘मुलुंड’च राहील. सोमवारी तो अंधेरीला गेला. मंगळवारी कळलं, की वरच्या साहेबांना नाव फार आवडलं आहे, फक्त ते ‘कुलाबा’ असावं. साहेब स्वतः कांदिवलीला राहतात.

काकूंना नावाचं सोयरसुतक नव्हतं. त्यांनी दरपत्रक दिलं. तोरणाचंच होतं, तेच लागू. दर मण्याला ठरलेला दर. वरच्या मात्रेला जादा. खालच्या उकाराला त्याहून जादा, कारण वाकून बघावं लागतं. ळ ला वळणाचा वेगळा आकार. जोडाक्षराचा भाव समक्ष. शब्दात तेच अक्षर पुन्हा आलं तर मात्र निम्म्या दरात. ‘ङ’ करून मिळणार नाही. भाच्याने कारण विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “तो लागतो फक्त ‘वाङ्मया’ला. ते वाचणारी माणसं असले खेळ खेळत नाहीत.”

“पण काकू,” भाचा चाचरत म्हणाला, “एकदा अक्षर तयार झालं की ते आम्ही कितीही वेळा वापरू शकतो. प्रत्येक वेळी पैसे कशाला?”

“मग तोरणवाल्यांनीही तेच म्हणावं. पहिल्या दाराला पैसे दिले, आता बाकीची फुकट द्या.”

भाच्याने हे त्यांच्या कंपनीच्या कायदेशीर सल्लागारांना कळवलं. त्यांनी उलट निर्वाळा दिला की बाईंचं म्हणणं उद्योगाच्या रीतीला धरूनच आहे. मोठमोठ्या कंपन्या फॉन्ट असेच देतात: पुस्तकाला वेगळे पैसे, गेमला वेगळे, वेबसाइटला वेगळे. फक्त त्यांचे करार चाळीस पानांचे असतात आणि काकूंचा करार वाण्याच्या दिनदर्शिकेच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेला होता.

गेम आता बाजारात यायच्या बेतात आहे आणि हिशेबनिसांनी त्यावरून हात फिरवला आहे. मुलुंडला दोन उकार आणि अनुस्वार पडत असल्याने ते पहिल्याच बैठकीत गळलं. अंधेरी मात्रांमुळे परवडेना, आणि ‘कुलाबा’ हे नाव ठेवणाऱ्या साहेबांना स्वतःचं कांदिवली घेता आलं नाही. जोगेश्वरीच्या श्वचा भाव समक्ष कळल्यावर कुणी पुन्हा तो विषय काढला नाही. परळ स्वस्तात निघेल असं वाटलं होतं, पण ळ आडवा आला. मात्रा नाही, उकार नाही, जोडाक्षर नाही आणि द दोनदा असल्याने दुसरा निम्म्या दरात, असं आख्ख्या रेल्वेत एकच नाव सापडलं. त्यामुळे या गेममध्ये कुठल्याही फलाटावर उभं राहा, कुठल्याही दिशेची, धीमी किंवा जलद, कुठलीही गाडी पकडा. ती दादरलाच जाते. चाचणीसाठी ज्यांना खेळायला दिला, त्यांच्यापैकी एकानेही तक्रार केलेली नाही. उलट सगळ्यांनी एकच शेरा दिला, की कंपनीने अभ्यास चांगला केलेला आहे.